फोटोच्या कोपऱ्यातलं स्टेशन

आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार हे नक्की झालं आणि घरोघरचे माळे खाली उतरायला लागले. डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून रमतगमत चालत दहा मिनिटं, तीन मजले, लिफ्ट नाही, बांधून पन्नास वर्षं होत आली. अशा घरांच्या माळ्यावरून काय काय निघतं ते ज्यांनी घर रिकामं केलंय त्यांना सांगायला नको. पितळी बंब, पाटा-वरवंटा, पाळण्याच्या दोऱ्या, लग्नातल्या आहेराची यादी लिहिलेल्या वह्या. आणि अल्बम. रद्दीवाला दिवसाआड येत होता आणि एके दिवशी जिन्यात त्याच्या खांद्यावरच्या गठ्ठ्यातून एक काळ्या पानांचा अल्बम सटकला तो थेट माझ्या पायाशी.

उचलला, सहज उघडला, तर आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. एकदम तरुण, साधी सुती साडी, खांद्याला पर्स, हातात लांब दांड्याची छत्री, आणि मागे स्टेशन. आपलं स्टेशन. म्हणजे पाटी वगैरे काही दिसत नव्हती, पण ज्याने त्या फलाटावर आयुष्य काढलंय त्याला पाटी लागत नाही ना. मी तशीच वर गेले, काकूंना म्हटलं अहो हे काय टाकताय, तर म्हणाल्या, "अगं राहू दे, मुलं परदेशात, कोण बघतंय आता." मी म्हटलं मी बघते. तो अल्बम मी घरी आणला आणि त्या रात्री आमचा पण अल्बम काढून बसले.

आमच्याकडे एकच निघाला स्टेशनवरचा. मी तीन वर्षांची, बाबांच्या कडेवर, बाजूला ते वजनाचं मशीन. आठवतं का, लाल-पिवळे दिवे लुकलुकणारं, वरती चक्र गरगर फिरायचं, नाणं टाकलं की थोडा वेळ खडखड होऊन खालून छोटंसं पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. ते तिकीट बाबांनी फोटोलाच टाचणीने लावून ठेवलेलं. टाचणी गंजून फोटोवर तपकिरी डाग पडला होता, पण तिकिटावरचं ११ किलो अजून स्पष्ट वाचता येत होतं. फोटोच्या मागे बाबांचं अक्षर, "चिमी पहिल्यांदा मुंबईस." बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. मला वाटतं त्याच रात्री माझं ठरलं की बिल्डिंग रिकामी व्हायच्या आत सगळ्यांकडचे स्टेशनचे फोटो गोळा करायचे आणि शेवटच्या रविवारी गच्चीवर लावायचे. हातात अडीच महिने होते.

पहिले दोन आठवडे काहीच मिळालं नाही. मी दारोदार जाऊन विचारत होते, स्टेशनचे जुने फोटो आहेत का हो, आणि प्रत्येक जण मान हलवत होता. नाही गं, स्टेशनचा फोटो कोण काढतंय. आणि खरंच आहे ते. त्या काळात ज्याच्याकडे कॅमेरा होता त्याच्याकडे बहुतेक आग्फाचा क्लिक थ्री, एका रोलमध्ये बारा फोटो. बारा फोटोत मुलाचं बारसं, गणपती, माथेरानची सहल हे सगळं बसवायचं, वर रोल धुवायचा खर्च, त्यात रोज दोनदा दिसणाऱ्या स्टेशनवर कोण फोटो फुकट घालवेल. शिवाय फलाटावर कॅमेरा काढला की पोलीस हटकायचे असं दोघा-तिघांनी सांगितलं.

मग मी प्रश्न बदलला. म्हटलं, कुणाला सोडायला-आणायला स्टेशनवर गेला होतात तेव्हाचा फोटो आहे का? नोकरीच्या पहिल्या दिवसाचा? ग्रुपने सहलीला निघालात तेव्हाचा? दसऱ्याला गाडी सजवली तेव्हाचा? आणि मग जे सुरू झालं ते थांबेना. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी एक बुटाचा खोका आणून दिला. बाजूच्या बिल्डिंगमधून निरोप यायला लागले. पश्चिमेला विष्णूनगरमध्ये राहणाऱ्या माझ्या मामेभावाने त्याच्या सासऱ्यांचे अल्बम रिक्षात घालून आणले. शेवटी मोजले तेव्हा १३७ फोटो होते, आणि त्यातला एकही स्टेशनचा नव्हता. सगळे माणसांचे. स्टेशन आपलं मागे, कोपऱ्यात, कुणाच्या तरी खांद्यावरून डोकावणारं. कुठे पुलाच्या पायऱ्या, कुठे बाकाचा कठडा, कुठे अर्धा डबा आणि त्यात लटकणारे चार हात.

आता या कोपऱ्यांवरून फोटो कुठल्या साली काढला ते कसं ओळखायचं, हे मला अजिबात माहीत नव्हतं. ते शिकवलं आमच्या शेजारच्या मोटरमन काकांनी. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली त्यांना, गुडघे गेलेत, पण फोटो हातात घेतला की पहिल्यांदा खाली बघायचे. माणसांकडे नाही, रुळांकडे. लाकडी स्लीपर दिसले की म्हणायचे जुना आहे, सिमेंटचे दिसले की नंतरचा. मग वर बघायचे, वायरीकडे. आपल्याकडे आधी १५०० व्होल्ट डीसी होतं, त्याचे चिनीमातीचे इन्सुलेटर आखूड असायचे, आणि २५ हजार व्होल्ट एसी करायचं काम मेन लाइनवर २०१५ पर्यंत पूर्ण झालं, त्याचे इन्सुलेटर चांगले लांबलचक. मी आयुष्यभर त्या वायरीखाली उभी राहिले, एकदाही वर बघितलं नव्हतं. मग फलाटाची उंची. डब्याचा फूटबोर्ड आणि फलाट यात भलं मोठं अंतर दिसलं तर फलाट उंच करायच्या आधीचा, कारण ते काम २०१४ नंतर झालं. गाडी पिवळी-चॉकलेटी असेल तर जुनी, पांढरी-जांभळी असेल तर २००७ नंतरची. आणि कुठे पाटीवर व्ही.टी., म्हणजे व्हिक्टोरिया टर्मिनस, लिहिलेलं असेल तर १९९६ च्या आधीचा, त्या वर्षी सीएसटी झालं. अर्थात काका स्वतःच म्हणाले की नाव बदललं तरी पाटी लगेच बदलते असं नाही आणि लोकांच्या तोंडून तर व्हीटी अजून गेलं नाही, त्यामुळे एकाच खुणेवर साल ठोकायचं नाही, निदान दोन खुणा जुळल्या पाहिजेत. हा नियम मी शेवटपर्यंत पाळला.

रंगीत फोटोंचं सोपं असतं असं वाटेल पण नाही. हॉटशॉट कॅमेऱ्यातले फोटो इतके लाल पडलेत की पिवळी गाडी पण केशरी दिसते. उलट कृष्णधवल फोटो पन्नास वर्षांनी पण ठणठणीत.

सगळ्यात मोठा वाद झाला तो तळमजल्यावरच्या आजोबांवरून. आजोबा नव्वदीला आलेत, मूळचे जळगावकडचे, १९५६ साली नोकरीसाठी इकडे आले. ते ठामपणे सांगत होते की मी डोंबिवलीला आलो तो धुराच्या गाडीने, शर्ट काळा झाला होता, डोळ्यात कोळशाची कणी गेली होती. आणि त्यांचा नातू, इंजिनिअर, तो म्हणत होता आजोबा शक्यच नाही. त्याचं पण बरोबर होतं. १९२५ च्या ३ फेब्रुवारीला व्हीटी ते कुर्ला हार्बरवरून पहिली विजेची गाडी धावली आणि १९३० च्या आसपास इकडे पुण्यापर्यंत आणि तिकडे इगतपुरीपर्यंत वायर पोचली होती. आपल्या शेजारी ठाकुर्लीला जे चोळा पॉवर हाऊस होतं ते जीआयपी रेल्वेने, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या आधीच्या कंपनीने, याच कामासाठी बांधलेलं. आजोबांच्या स्वतःच्या फोटोत, १९५८ चा, मागे विजेचा खांब उभा दिसतोय. नातवाने तो फोटो आजोबांसमोर धरला आणि खांबावर बोट ठेवलं. आजोबा गप्प झाले. मला फार वाईट वाटलं, म्हटलं जाऊ दे ना, कशाला दाखवलंस.

दोन दिवसांनी आजोबांनी मला हाक मारून बोलावलं. म्हणाले, बस. आणि सांगायला लागले की इगतपुरीला गाडी बराच वेळ थांबायची, इंजिन बदलायचे, आम्ही खाली उतरून नळावर तोंड धुवायचो, काळं पाणी निघायचं, मग गरम वडे खायचे आणि पुढे कसाऱ्याचा घाट उतरताना कुणीतरी म्हणालं होतं की आता खिडकी उघडायला हरकत नाही. इतकं स्वच्छ सांगितलं त्यांनी. म्हणजे कोळशाची कणी डोळ्यात गेली ती खरीच, फक्त इगतपुरीच्या अलीकडे नाही, पलीकडे. पुढे कल्याणला उतरून लोकलने ते डोंबिवलीला आले ते विजेच्याच गाडीने, पण कणी तर डोळ्यातच होती ना, ती त्यांच्याबरोबर डोंबिवलीपर्यंत आली. आणि इथे उतरल्यावर ठाकुर्लीच्या बाजूला बघितलं तर पॉवर हाऊस कोळशावर चालणारं, तिकडे आकाशात धूर. माणसाच्या डोक्यात हे सगळं एकच दृश्य होऊन बसलं तर त्यात त्याची काय चूक. तेव्हापासून मी कुणाची आठवण "चुकीची" म्हणून बाजूला टाकली नाही. दोन वह्या केल्या, एकीत फोटोत काय दिसतं ते, दुसरीत माणूस काय सांगतो ते, आणि दोन्हींचा नंबर एकच.

आता जे वाईट झालं ते पण सांगते कारण दुसऱ्या कुणाचं तसं होऊ नये. सुरुवातीला मला स्कॅनिंगमधलं काही कळत नव्हतं म्हणून मी २३ फोटो, त्यात काकूंचा तो छत्रीवाला पण, एका दुकानात दिले. मी म्हटलं नीट स्कॅन करून द्या. चार दिवसांनी फाइल मिळाल्या. उघडून बघते तर काकूंचा चेहरा गुळगुळीत, गोरा, गालावरची देवीची खूण गायब, आणि फोटो दोन्ही बाजूंनी कापलेला. मी विचारलं बाजूचं कुठे गेलं, तर म्हणाले अहो मॅडम बॅकग्राउंडला कचरा होता, आम्ही क्लीन करून दिलं, त्याचे एक्स्ट्रा पैसे पण लावले नाहीत.

त्या कचऱ्यात काय होतं माहितीये? काकूंच्या डाव्या बाजूला, फोटोच्या अगदी काठाला, फलाटावरचा, पुढची गाडी कुठली आणि कितीची ते दाखवणारा जुना इंडिकेटर होता. अर्धाच. घड्याळाच्या तबकडीचा एक तुकडा आणि खाली पट्टीवरची दोन-अडीच अक्षरं. १३७ फोटोंत तो जुना इंडिकेटर या एकाच फोटोत आहे. रोज सकाळी हजारो माणसं मान वर करून ज्याच्याकडे बघायची, त्याचा डोंबिवलीतल्या आमच्या ओळखीच्या कुणाकडेही पुरा फोटो नाही.

मूळ फोटो परत मिळाला, पण त्याचेही हाल केलेले. काकूंचा फोटो अल्बमच्या काळ्या पानाला चिकटवलेला होता, तो त्यांनी ब्लेडने खरवडून काढला आणि मागचा कागद फाटला. मागे काकांनी शाईने तारीख लिहिली होती. आता फक्त "१९७" एवढं राहिलंय, शेवटचा आकडा आणि महिना गेला. काका हयात नाहीत. मी काकूंकडे फोटो परत द्यायला गेले तेव्हा मला रडू आलं, त्या उलट मलाच समजावत होत्या.

त्यानंतर मी एकही फोटो बाहेर दिला नाही. भाच्याने त्याचा फ्लॅटबेड स्कॅनर आणून दिला आणि आम्ही दोघं रोज रात्री जेवणं झाली की बसायचो. शिकत गेलो तसं सांगते. अल्बममधून फोटो सुटत नसेल तर सोडवायचा नाही, अख्खं पान स्कॅन करायचं. त्या मधल्या काळात प्लास्टिकचा कागद आणि चिकट पानं असलेले अल्बम आले होते ना, ते सगळ्यात घातकी, त्यातले फोटो पानाला असे बसलेत की ओढले की वरचा रंगच निघतो, तिथे दात साफ करायचा धागा फोटोखालून हळूहळू सरकवत न्यायचा, घाई नाही. स्कॅन ६०० डीपीआयवर, आणि काठासकट, पांढरी बॉर्डर पण आली पाहिजे. फोटोची मागची बाजू वेगळी स्कॅन करायची, कारण मागे स्टुडिओचा जांभळा शिक्का असतो, कुणाचं तरी अक्षर असतं, कधी हिशोब असतो. मागे नवीन काही लिहायचं तर मऊ पेन्सिलने, फोटो पालथा घालून, न दाबता. पेनने नाही, शाई पुढच्या बाजूला उमटते. टाचण्या-स्टेपल काढून टाकायच्या. आणि लॅमिनेशन कृपा करून करू नका. तीन घरांत लोकांनी प्रेमापोटी आई-वडिलांचे फोटो लॅमिनेट केलेत, आता ते प्लास्टिक पिवळं पडून सुटायला लागलंय आणि सोबत फोटो पण.

काकूंच्या फोटोचं साल मात्र मला स्वस्थ बसू देईना. एकोणीसशे सत्तर आणि काय? रुळांवरून एवढं नेमकं कळत नाही. मग मी काकूंबरोबर बसले. म्हटलं काकू, तो दिवस सांगा. त्या म्हणाल्या नोकरीचा पहिला दिवस, फोर्टात टायपिस्ट म्हणून लागले, हे मला सोडायला आले होते आणि शेजाऱ्यांचा कॅमेरा मागून आणला होता. साल? आठवत नाही गं. मग इकडचं तिकडचं बोलता बोलता रेल्वेच्या संपाचा विषय निघाला. १९७४ चा, ८ मेला सुरू झाला आणि २७ तारखेला मागे घेतला तो. काकू एकदम सावरून बसल्या. म्हणाल्या अगं तेव्हा तर माझं प्रोबेशन होतं, वर्षाचं, आणि संपायला थोडेच दिवस राहिले होते. गाड्या मोजक्याच चालत होत्या, डोंबिवलीहून व्हीटी म्हणजे ४८ किलोमीटर, जाणार कसं, आणि रजा पडली तर कायम करणार नाहीत ही धास्ती. मग मी तीन आठवडे दादरला मावससासूबाईंकडे राहिले, धाकटीला सासूबाईंपाशी ठेवून. ती दीड वर्षाची होती. परत आले तर मला ओळखेना, आजीच्या पदरामागे लपली. हे सांगताना काकू थांबल्या आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या.

वर्षाचं प्रोबेशन, आणि संपात म्हणजे मेमध्ये ते संपत आलेलं. म्हणजे नोकरी लागली १९७३ च्या जूनमध्ये. आणि फोटोत हातात छत्री. दोन खुणा जुळल्या. मोटरमन काकांना सांगितलं तर त्यांनी काठी टेकवून उठून काकूंना नमस्कार केला. त्यांचे वडील पण तेव्हा रेल्वेतच होते, ठाकुर्लीला क्वार्टर होतं, संपाच्या दिवसांत अटक होईल म्हणून वडील रात्री घरी झोपायचे नाहीत आणि क्वार्टर खाली करायला लावतील या भीतीने आईने भांडी बांधून ठेवली होती. त्याचा फोटो कुणाकडे असणार. तो दुसऱ्या वहीत गेला, नंबर दिला नाही, नुसतंच लिहिलं.

अशी फोटो नसलेली पानं त्या वहीत बरीच झाली. पारसिकच्या बोगद्याचं एक आहे. १९१६ साली खुला झालेला, सव्वा किलोमीटरहून मोठा, फास्ट गाडी त्यातून जायची तेव्हा सगळा डबा एकदम अंधारा, वारा कानात घुमायचा, पोरं बोंब मारायची. वरच्या मजल्यावरचे दादा पंचवीस वर्षं गाडीतल्या भजनी मंडळात टाळ वाजवायचे, ते सांगतात की बोगद्यात शिरलं की टाळाचा आवाज दुप्पट व्हायचा म्हणून आम्ही अभंगाचा वेग असा धरायचो की बोगद्यात बरोबर गजर यावा. २०२२ च्या फेब्रुवारीत पाचवी-सहावी लाइन सुरू झाल्यापासून फास्ट लोकल बोगद्यातून जातच नाहीत, मुंब्र्याकडून नव्या रुळांवरून जातात, बोगदा मेल-एक्सप्रेसला राहिला. आमच्या बिल्डिंगमधल्या कॉलेजच्या मुलांना हे सांगितलं तर त्यांना बोगदा आठवत होता पण गजर कुणी ऐकला नव्हता. दादांनी मग तिथेच जिन्यात म्हणून दाखवला.

आणि निवडलेली भाजी. बाहेरगावच्या माणसाला नवल वाटतं पण आपल्याकडे संध्याकाळी गाडीतून उतरलं की पुलाखाली बायका बसलेल्या, सोललेला मटार, निवडलेली मेथी, चिरलेली फरसबी, गवार मोडलेली. ऑफिसमधून सात-साडेसातला घरी पोचणाऱ्या बायकांचा अर्धा तास त्यांनी वाचवला, रोजचा, वर्षानुवर्षं. एका फोटोत, वहिनींची मुलगी शाळेच्या सहलीहून परत आलीये आणि सगळे तिला घ्यायला गेलेत, त्या फोटोच्या खालच्या कोपऱ्यात फक्त दोन हात दिसतात. बांगड्या मनगटावर मागे सारलेल्या, अंगठ्याच्या पेरात नखाजवळ हिरवा रंग मुरलेला, एका हातात मेथीची जुडी आणि दुसऱ्या हाताने पानं खुडणं चाललंय. चेहरा नाही. मी तो भाग मोठा करून वेगळा छापला. माझ्या दृष्टीने सगळ्या १३७ मध्ये तो सगळ्यात सुंदर फोटो आहे.

दसऱ्याचे सात फोटो निघाले. गाडीच्या तोंडाला केळीचे खुंट, झेंडूची तोरणं, मोटरमनच्या कपाळाला गंध आणि हातात नारळ, ग्रुपमधले सगळे इस्त्रीच्या शर्टात. एका फोटोत मोटरमन काकाच आहेत हे त्यांनाच माहीत नव्हतं, ज्यांनी काढला ते पश्चिमेचे आणि काका पूर्वेचे. फोटो बघून म्हणाले, हा सदरा मी ओळखतो. पुढे काही बोलले नाहीत, एक प्रिंट मात्र मागून घेतली.

शेवटच्या रविवारी गच्चीवर लावले. कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांना, चिमटे लावून. ओरिजिनल नाही, प्रिंट. ज्या कोपऱ्यात स्टेशन आहे तो कोपरा शेजारी मोठा करून. सकाळी नऊला सुरू केलं आणि मला वाटलं होतं तासाभरात होईल पण दुपारी दोनपर्यंत माणसं हलेनात. आजोबांना खुर्चीत बसवून दोघांनी वर आणलं. ज्यांनी घर आधीच सोडलं होतं ते पण आले, कुणी बदलापूरहून, कुणी ठाण्याहून, एकमेकांना जुन्या गाड्यांच्या वेळांनी ओळख देत होते, अरे तू आठ सतराचा ना, हो आणि तू सात त्रेपन्न. तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवरून कोण भांडायचं, जागा मिळावी म्हणून आधी उलट कल्याणला जाऊन कोण बसून यायचं, सगळं निघालं. इंडिकेटरच्या अर्ध्या फोटोपुढे तर गर्दीच झाली आणि उरलेला अर्धा कसा होता ते प्रत्येक जण हवेत हाताने काढून दाखवत होता, मी दुसऱ्या वहीत भराभर उतरवून घेत होते.

सगळे गेल्यावर काकू थांबल्या. त्यांना मी त्यांच्या फोटोची चांगली प्रिंट दिली, न कापलेली, गालावरच्या खुणेसकट. त्यांनी ती पालथी केली, माझ्याकडची मऊ पेन्सिल मागितली, खुर्चीच्या हातावर वही ठेवून त्यावर प्रिंट ठेवली आणि टायपिस्टच्या शिस्तीने, एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं:

"जून १९७३. डोंबिवली, नोकरीचा पहिला दिवस. मागे आठ सतरा यायची आहे. फोटो ह्यांनी काढला."

मग पेन्सिल परत दिली आणि विचारलं, "धाकटीला पाठवायचा तर फोनवर मागची बाजू पण जाते का गं?" मी दोन्ही बाजू पाठवल्या.